प्रतिमाकाकूंची दुपारची झोप

लखनौला बदलून आलेलं कुठलंही मराठी ख्रिस्ती कुटुंब महिन्याभरात जानकीपुरममधल्या मोहन भिंगारदिव्यांच्या घरी जेवायला पोचायचं, आणि पानं वाढायच्या आधी त्या कुटुंबातली बाई स्वयंपाकघरात रडून मोकळी झालेली असायची. मोहनरावांना याचं नवल वाटेनासं झालं होतं. ते बैठकीत नवऱ्याला गॅसचं कनेक्शन, मुलांची शाळा, कुठला सब्जीवाला वजनात मारतो, हे सगळं समजावत बसायचे. माणूस नगरकडचा निघाला तर तासाभरात काहीतरी नातंही निघायचं. तिकडे स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं. आत त्यांची बायको प्रतिमा पाटावर बसून मेथी निवडत असायची आणि समोर ती नवी बाई. दोघी बाहेर यायच्या तेव्हा बाईचे डोळे लाल असायचे, तोंड धुतलेलं असायचं. प्रतिमा म्हणायची, "चला, पानं घेते."

तिनं कधी कुणाला सल्ला दिला असं कुणी सांगत नसे. ती ऐकायची, आणि ऐकलेलं तिच्याजवळच राहायचं. मोहनरावांनी सुरुवातीला एकदोनदा विचारून पाहिलं होतं, "काय म्हणत होती गं ती?" प्रतिमा म्हणाली होती, "काही नाही, गुडघे दुखतात म्हणे तिचे." पुढे त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

त्यांची उपासनेची मंडळी अशीच उभी राहिली. आधी त्यांच्याच बैठकीत मोजकी घरं जमायची, सतरंजीवर बसून गायनं म्हणायची. घरं वाढली तसा छावणीतल्या एका जुन्या चर्चचा मागचा हॉल मिळाला. तिथली हिंदी उपासना सकाळी आटोपली की दुपारी यांची मराठी. बँकेतले, सरकारी कंपन्यांतले, फौजेतले, सगळे यायचे. कुणाचं ऑपरेशन असलं की डबे ठरलेले. बाळंतिणीपाशी कुणीतरी राहणार हे ठरलेलं. पोरं आपसात हिंदीत बोलायची, पण भूक लागली की कुणाच्याही आईचा पदर ओढायची. "आपली मंडळी म्हणजे घर आहे," असं मोहनराव रविवारी पुढे उभे राहून सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर नगरला परतायचं सोडून ते लखनौतच राहिले ते या माणसांसाठी. आपण हे उभं केलं, याचा त्यांना अभिमान होता. उभं राहून बोलायचं काम त्यांचं होतं आणि बसून ऐकायचं प्रतिमाचं. माणसं नेमकी कशासाठी येतात, याचा त्यांनी फारसा विचार केला नव्हता.

प्रतिमाचा आजार चोरपावलांनी आला. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग एक दिवस औषधाच्या दुकानातून येताना ती भलत्याच गल्लीत शिरली आणि एका अनोळखी घराच्या पायरीवर बसून राहिली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, विस्मरणाचा आजार आहे, वाढतच जाणार. रात्री झोप लागावी म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

मोहनरावांनी हे मंडळीत सांगितलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून रडल्या. उपास झाले, प्रार्थना झाल्या, आळीपाळीनं भेटी सुरू झाल्या. शाळेत शिकवणारी सरोज साळवे शनिवारी येऊन प्रतिमाच्या केसांना तेल लावायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मुलाला, सौरभला, मोठं केलं होतं. "काकूंनी मला धरून ठेवलं म्हणून मी आज उभी आहे," ती म्हणायची. मोहनरावांचे डोळे भरून यायचे. एवढी माणसं आपल्याला आहेत, मग कसली भीती, असं त्यांना वाटायचं.

पहिला प्रकार घडला तो मार्चमधल्या एका रविवारी. उपासना संपून हॉलबाहेर चहा चालला होता. धैर्यशीलची बायको नीला ट्रे घेऊन फिरत होती. धैर्यशील फौजेत सुभेदार होता, मंडळीत पेटी वाजवायचा, गळाही गोड होता. प्रतिमानं कप उचलला आणि दुसरा हात नीलाच्या पाठीवरून फिरवला.

"पाठीची सूज उतरली का गं?" ती म्हणाली. "पट्ट्यानंच मारतो का अजून? बक्कल लागू देऊ नको बाई, त्याचं पिकतं."

तिच्या आवाजात नेहमीचीच माया होती. स्वयंपाकघराचं लोटलेलं दार तेवढं मध्ये नव्हतं.

नीला ट्रे घेऊन पुढच्या घोळक्याकडे वळली. मग कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "काकूंना हल्ली काही कळत नाही हो." सगळ्यांनी ते वाक्य लगेच उचललं. धैर्यशीलही हसला. हॉलमध्ये जाऊन त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "चल, निघू."

त्याच आठवड्यात नीलाचा हात प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणे. मंडळीनं तिच्याकडे डबे सुरू केले. मोहनराव संत्री घेऊन भेटायला गेले. नीलानं दार अर्धवट उघडलं आणि पिशवी डाव्या हातानं घेतली.

"काका, तुम्ही या कधीही," ती म्हणाली. "काकूंना आणू नका."

"अगं, तिला कळत नाही ती काय बोलते ते."

"माहीत आहे मला. त्यांना कळत नाही आणि माझा हात मोडला. मी कुणावर रागावू, सांगा."

धैर्यशीलशी बोलायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. परत येताना ई-रिक्षात बसून त्यांनी काय काय बोलायचं याची जुळवाजुळवही केली. पण त्या रविवारी धैर्यशीलनं इतकी सुंदर पेटी वाजवली, आणि नंतर स्वतः येऊन त्यांची खुर्ची उचलून सावलीत ठेवली, की तो विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. पुढच्या रविवारी बोलू, असं त्यांनी ठरवलं. मग ते राहूनच गेलं.

मे महिन्यात सौरभचा साखरपुडा होता. जालन्याची मुलगी होती, बँकेत लागलेली, तिच्याकडची माणसं खास आली होती. गोमती नगरमधल्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. मोहनरावांनी पुढे उभं राहून प्रार्थना केली. प्रतिमा मोतिया साडीत, सरोजच्याच हातची वेणी घालून, पहिल्या रांगेत शांत बसली होती. अंगठ्या झाल्यावर जोडपं पाया पडायला आलं. प्रतिमानं मुलीचा हात दोन्ही हातांत धरला.

"फिनेलची बाटली उंचावर ठेव हं बाळा," ती म्हणाली. "आणि याला रात्रीचं एकटं झोपू देऊ नको. मागच्या वेळी सरोजनं दार तोडलं वेळेवर, म्हणून वाचला."

मुलीनं हात काढून घेतला नाही. तिनं सौरभकडे पाहिलं. सौरभ खाली पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मोहनरावांना दिसल्या. बारावीच्या वर्षी सौरभला कावीळ झाली होती आणि मंडळीनं महिनाभर त्याला उसाचा रस पुरवला होता. कावीळच होती, असं सगळे समजत आले होते. मोहनरावही.

जालन्याची माणसं जेवली. भांडण झालं नाही. निघताना मुलीचे वडील सरोजला एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्ही विचार केला असता." चार दिवसांनी अंगठी कुरियरनं परत आली. सौरभनं आईशी बोलणं टाकलं आणि नोएडाला निघून गेला. सरोजचं शनिवारी तेल लावायला येणं थांबलं.

जूनमध्ये मंडळीतले पाचसहा जण घरी आले. येताना फळांची परडी आणली होती. अभिराम त्यांच्यात पुढे होता. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, चाळिशीचा, बोलायला मऊ. मोहनरावांनंतर मंडळी हाच चालवणार, हे उघड होतं, आणि मोहनरावांनीच त्याला हाताशी धरून तयार केलं होतं. प्रतिमा आतल्या खोलीत पलंगावर बसून उशीचा अभ्रा काढत होती आणि घालत होती.

अभिरामनं आधी छोटी प्रार्थना केली. मग म्हणाला, "काका, आमचं काकूंवर किती प्रेम आहे, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"म्हणूनच आलो. तिथली गर्दी, गोंगाट, याचा काकूंना त्रास होतो. त्या बिचाऱ्या गोंधळतात आणि मग काहीबाही बोलून जातात. त्यांच्या तोंडून असं निघावं, हे आम्हाला बघवत नाही."

"तिच्याच भल्यासाठी म्हणतोय आम्ही," सरोज म्हणाली. ती मोहनरावांकडे न बघता परडीकडे बघत होती. "काही दिवस त्यांना घरीच राहू द्या."

"घरी एकटी कशी राहील?" मोहनराव म्हणाले. "मग असं करू. दर रविवारी एकीनं तिच्याजवळ बसायचं. पाळीपाळीनं. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे."

एकीनं परडीतली फळं सारखी केली. मोहनरावांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे बसलेल्यांपैकी प्रत्येक जण, नाहीतर त्याची बायको, कधी ना कधी त्या दाराआड बसून आलेली आहे. प्रत्येकाचं काहीतरी तिच्याजवळ आहे. आता ती आपल्याला बघून काय बोलेल, याचा अंदाज जो तो घेत होता.

"आम्ही यावर प्रार्थना करू," अभिराम म्हणाला.

निघताना तो आतल्या खोलीच्या दारात थांबला. "सलाम, काकू. येतो."

प्रतिमानं मान वर केली आणि हसली. "अभिराम होय. आईला आणलंस का रे त्या आश्रमातून? थंडीत फार हाल होतील म्हातारीचे."

बाकीचे जिना उतरत होते. ऐकलं ते फक्त मोहनरावांनी. अभिरामची आई पुण्याला त्याच्या बहिणीकडे असते आणि मजेत आहे, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. अभिरामनं एक बूट पायात सरकवला, दुसरा हातातच धरला आणि तसाच खाली गेला.

मोहनराव पुढचे दोन रविवार घरी राहिले. घरात कूलर घरघरायचा, प्रतिमा कपाटातल्या साड्या काढून पलंगावर मांडायची आणि पुन्हा कपाटात कोंबायची. घड्याळात तीन वाजले की त्यांना हॉल दिसायला लागायचा. आता पहिलं गायन, आता वचन, आता चहा. आपली खुर्ची कुणी घेतली असेल, नव्या माणसाला कुणी नाव विचारलं असेल. एकही फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी प्रतिमाला जेवू घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि स्कूटर काढली.

परत आले तेव्हा खालच्या मजल्यावरचा नागसेन रामटेके जिन्यात उभा होता. तो नागपूरचा, केंद्र सरकारच्या नोकरीत. बायको-मुलं नागपूरला होती, हा एकटाच राहायचा. एरवी दोघांचं "जय भीम" आणि "सलाम" असं जिन्यातलं नातं.

"वहिनी दार बडवत होत्या," नागसेन म्हणाला. "बराच वेळ. मी बाहेरून बोलत होतो, पण कुलूप होतं."

"उपासनेला गेलो होतो. उपाय नव्हता."

"मग मला सांगा ना. मी रविवारी घरीच असतो. बसत जाईन त्यांच्याजवळ. एक किल्ली देऊन ठेवा."

मोहनरावांच्या ओठांवर हो आलंच होतं. मग त्यांना प्रतिमाचा तो मायाळू आवाज आठवला. ती या माणसाजवळ बसेल आणि बोलेल. नीलाचं, सौरभचं, अभिरामचं, आणखी कुणाकुणाचं. मंडळीतलं सगळं परक्या माणसाच्या कानावर जाईल.

"नको," ते म्हणाले. "ती काहीही बोलते."

"बोलू द्या की. मला काय त्याचं? मी कुणाला ओळखतो तुमच्यातलं?"

"रामटेके, ही आमच्या घरातली गोष्ट आहे."

नागसेननं मान डोलावली आणि आपलं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मोहनरावांनी झोपेची गोळी वाटीत घालून चमच्याच्या पाठीनं चुरली आणि दुपारच्या चहात ढवळली. दुपारी सगळं जग झोपतं, ती झोपली तर काय बिघडलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ती तासाभरात झोपली. ते संध्याकाळी परत आले तेव्हाही झोपलेलीच होती, तोंड उघडं, उशीवर लाळ. त्यांनी तिचं तोंड पुसलं, तिला उठवून खिचडी भरवली.

हे सुरळीत चालू लागलं. "काकू कशा आहेत?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आता शांत असते. दुपारची छान झोपते." ते ऐकून माणसांचे चेहरे सैल पडायचे. मग पुन्हा भेटी सुरू झाल्या. उपासना संपली की चारपाच जण गाडीतून त्यांच्याबरोबर घरी यायचे, प्रतिमाच्या पलंगाभोवती उभे राहून हलक्या आवाजात गायन म्हणायचे. कुणी पुलाव आणायचं, कुणी धुतलेल्या चादरी. एकदा सरोजही आली. झोपलेल्या प्रतिमाजवळ बसून तिनं तिच्या केसांना तेल लावलं, भांग काढला. जाताना तिनं मोहनरावांना बाजूला घेतलं.

"आज त्यांचे डोळे जरा हलत होते," ती म्हणाली. "गोळी पुरत नसेल. डॉक्टरांना विचारून बघा, थोडी वाढवता येते का."

मोहनरावांनी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी दीड गोळी चुरायला सुरुवात केली.

पावसाळा सरला. प्रतिमा वाळत चालली. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांतही तिचे पाय लटपटायचे, बोलता बोलता शब्द हरवायचे. एका सकाळी ते तिला बाल्कनीत खुर्चीवर बसवून तिची नखं कापत होते. ऊन कोवळं होतं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही कुठून आलात बदलून?" तिनं विचारलं.

तिनं आपल्याला ओळखलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "नगरहून."

"आमचे हेही नगरचे." ती थोडी पुढे झुकली. "चहात काहीतरी घालतात हो ते माझ्या. कडू लागतं. मी पिऊन टाकते."

मोहनरावांच्या हातातलं नेलकटर थांबलं.

"का पिता मग?" त्यांनी विचारलं.

"माणूस चांगला आहे. त्यांना लोकांत जायची फार आवड. मी जागी असले की त्यांना जाता येत नाही." ती पुन्हा मागे टेकली आणि दुसरा हात पुढे केला. "याची राहिली नखं."

त्यांनी नखं कापली. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ते बराच वेळ उभे राहिले. त्या रविवारी ते गेले नाहीत. गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. दुपारी प्रतिमा जागी होती, तिच्याशी ते पत्त्यांचा काहीतरी खेळ खेळले. ती मध्येच उठून दाराशी जाऊन उभी राहायची, ते तिला परत आणायचे. वाईट गेला नाही तो दिवस. तरी तीन वाजले तसे त्यांचे कान फोनकडे लागले, आणि फोन वाजला नाही.

तो वाजला बुधवारी. अभिराम होता. "काका, मंडळीचा वर्धापनदिन आहे या रविवारी. कानपूरहूनही पाहुणे येणार आहेत. ही मंडळी कशी सुरू झाली, ते नव्या लोकांना कळायला हवं. तुमच्याशिवाय कोण सांगणार? प्रीतीवर बोला."

"प्रतिमाला..."

"काकू झोपतात ना दुपारच्या?" अभिराम म्हणाला. "सगळे तुमची वाट बघतायत, काका."

मोहनरावांनी दोन रात्री जागून टिपणं काढली. शनिवारी कोटाला इस्त्री केली. रविवारी खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची पट्टी काढली.

हॉल खच्चून भरला होता. मोहनराव बोलायला उभे राहिले आणि त्यांना जाणवलं, इतके दिवस आपण उपाशी होतो. आवाज लागला. सतरंजीवरच्या त्या पहिल्या रविवारांबद्दल ते बोलले, डब्यांबद्दल बोलले, परक्या शहरात माणसाला माणूस कसा लागतो ते बोलले. प्रतिमाच्या स्वयंपाकघराबद्दल बोलले तेव्हा समोर कितीतरी जणांनी डोळे पुसले. खिशातला फोन मुका करून ठेवलेला होता. तो दोनतीनदा थरथरला. त्यांनी बाहेरूनच तो दाबून बंद केला. नंतर केक कापला, कानपूरच्या पाहुण्यांशी ओळखी झाल्या, चहा दोनदा झाला.

घरी पोचायला अंधार पडला होता. नागसेन त्यांच्या दाराबाहेर, वरच्या पायरीवर बसला होता. तो उठून उभा राहिला. मोहनरावांनी कुलूप काढलं, पण दार पुरतं उघडेना. आतून काहीतरी अडलं होतं. दोघांनी मिळून हळूहळू ढकललं. प्रतिमा दाराच्या आत आडवी पडली होती. कपाळ फुटलं होतं, रक्त वाळून काळं झालं होतं. एक हात दाराच्या कडेशी होता. अंग गार पडलं होतं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी वय विचारलं, आजार विचारला, आणि हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. मोहनरावांनी अभिरामला फोन केला. "गेली," ते म्हणाले. "झोपेतच गेली." नागसेन समोरच उभा होता. त्यानं फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

अर्ध्या तासात मंडळी आली. बायकांनी बैठक झाडली, प्रतिमाला न्हाऊ घातलं, पांढरी साडी नेसवली, कपाळावरच्या जखमेवर केस ओढून घेतले. जखम सगळ्यांनी पाहिली, कुणी काही विचारलं नाही. कुणीतरी मोहनरावांच्या हातात दुधाचा पेला दिला. दुसऱ्या दिवशी छावणीजवळच्या कब्रस्तानात माती झाली. धैर्यशीलनं गायनं उचलून धरली, त्याचा आवाज त्या दिवशी फारच लागला होता. सरोज बोलली, आणखी दोघी बोलल्या. मग अभिराम म्हणाला, "काकूंच्या तोंडून कधी कुणाची गोष्ट बाहेर पडली नाही. अशी बाई पुन्हा होणे नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मोहनरावांनीही हलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नागसेन वर आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून आलो," तो म्हणाला. "चारच्या सुमाराला त्या जाग्या झाल्या. दार वाजवत होत्या. मी वर येऊन पायरीवर बसलो, बोलत राहिलो त्यांच्याशी. तुम्हाला फोन केले."

"फोन मुका होता."

"त्या एकच म्हणत होत्या. दार उघडा भाऊ, मी कुणाला काही सांगणार नाही." नागसेननं दाराकडे पाहिलं. "मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्यानंतरही थोडा वेळ बोलत होत्या, मग थांबल्या. मला वाटलं, झोप लागली. दार तोडायला हवं होतं मी. पण तुम्ही म्हणाला होतात, घरातली गोष्ट आहे."

नागसेन खाली गेला. पुढे जिन्यात भेट झाली की तो बाजूला होऊन वाट द्यायचा, "जय भीम" म्हणायचा नाही.

मंडळीनं मोहनरावांना काही कमी पडू दिलं नाही. रोज एका घरचा डबा, रविवारी गाडी न्यायला हजर. हॉलमध्ये त्यांची खुर्ची पुढेच होती. कुणी स्वेटर आणून दिला, कुणी मोतीबिंदूसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांना भूक लागायची, ते पोटभर जेवायचे. स्वतःबद्दल त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं ते हेच, पण तेही काही दिवसच.

डिसेंबरात, नाताळच्या आधी, मंगळवारचा डबा घेऊन नीला आली. बाहेर दुपारभर धुकं उतरलं नव्हतं. मोडलेला हात नीट जुळला नव्हता, डबा तिनं डाव्या हातानंच टेबलावर ठेवला. ती लगेच निघाली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहिली.

"काका, खरं सांगू?" ती म्हणाली. "काकू गेल्या तेव्हा मी रडले नाही. मला सुटल्यासारखं झालं. रविवारी आता भीती वाटत नाही." तिनं त्या दाराकडे बोट केलं. "पण तिथे बसून मी त्यांना सांगितलं होतं ना, त्या रात्री मी लग्नानंतर पहिल्यांदा गाढ झोपले होते. तसं पुन्हा कुणाला सांगता आलं नाही."

डब्याचं झाकण काढायला तिनं हात पुढे केला तशी स्वेटरची बाही वर सरकली. मनगटाच्या वर दोन रुंद, जांभळे वळ होते. ताजे. तिनं बाही खाली ओढायची घाई केली नाही. हात तसाच टेबलावर ठेवला आणि मोहनरावांकडे पाहत राहिली.

मोहनरावांनी वळ पाहिले. समोरची खुर्ची रिकामी होती, ती ओढून तिला बस म्हणायला काही लागत नव्हतं. रविवारी धैर्यशील त्यांच्या गायनाला पेटीची साथ करणार होता. नाताळचा कार्यक्रम बसवून झाला होता.

"भाजी कसली आहे आज?" त्यांनी विचारलं.

"दोडक्याची," नीला म्हणाली. तिनं बाही खाली केली, मागच्या मंगळवारचा रिकामा डबा उचलला आणि ती जिना उतरून गेली.